गीर्वाणवाणीचा बाजारभाव

मूल आठवी-नववीत गेले म्हणजे सुशिक्षित कुटुंबात एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या शाळेत संस्कृताची सोय आहे तेथे मुलाने सबंध हिंदी घ्यावी, पन्नास गुणांची हिंदी व पन्नास गुणांचे संस्कृत असा संयुक्त विषय घ्यावा, की पुरे शंभर गुणांचे संस्कृत घ्यावे? प्रश्न योग्यच आहे. परंतु तो ज्या कसोटीवर सोडविला जातो ती पाहून खेद वाटतो. संस्कृत शिकून मूल काय वाचू शकेल, हे विचारणारा पालक विरळा. संस्कृतात गुण किती पडतात, हे मात्र सर्वांस तोंडपाठ असते. धर्माबादच्या मोंढ्यात पोते सोडून, मूठभर मिरची हातात घेऊन, तिचा रंग पाहिल्यावाचून कोणताही व्यापारी बोली बोलत नाही. तोच व्यापारी मुलाच्या विद्येचा सौदा करताना माल न पाहता केवळ पावतीवरील आकडा पाहतो, ह्यास काय म्हणावे?

दोष एकट्या पालकांचा नव्हे. शालान्त परीक्षेत सहा विषय, प्रत्येकास १०० गुण, आणि त्यांपैकी ज्या पाच विषयांत गुण अधिक असतील त्यांच्यावरून टक्केवारी, अशी मंडळाची रीत आहे. अकरावीचा प्रवेश ह्या टक्केवारीवर अवलंबून. अशा व्यवस्थेत जो विषय शंभरापैकी पंच्याण्णवाच्या पुढे नेऊन पोचवील तो सोन्याचा, हे ओळखण्यास फार मोठी बुद्धी लागत नाही. संस्कृताची प्रश्नपत्रिका पाहावी. नेमलेले श्लोक शुद्ध व पूर्ण लिहा, अन्वयातील गाळलेल्या जागा भरा, पाठातील उताऱ्यावर उत्तरे द्या, आणि काही उत्तरे माध्यमभाषेत, म्हणजे मराठीत वा इंग्रजीत लिहा. ज्याने वर्षभर नेमाने पाठांतर केले त्यास ह्यात पैकीच्या पैकी गुण पडू शकतात व पडतातही. पाठांतराची आम्ही निंदा करीत नाही. ती आपल्याकडील जुनी व उपयुक्त शिस्त आहे. परंतु शंभरापैकी शंभर गुण मिळविलेल्या विद्यार्थ्यापुढे पुस्तकाबाहेरचा सोपा उतारा ठेवावा व त्याचा अर्थ विचारावा. तेथे तो अडखळला, तर ते शंभर गुण कशाचे होते, ह्याचे उत्तर कोणी तरी दिले पाहिजे.

परीक्षेत प्राचीन भाषा कशी आली, हे पाहिल्यावाचून ह्या प्रश्नाचे मर्म कळणार नाही. मुंबईचे विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडनच्या विद्यापीठाचा कित्ता पुढे ठेवून. विलायतेत लॅटिन आल्यावाचून कोणी विद्वान म्हणवीत नसे. तेव्हा येथेही इंग्रजीच्या जोडीस एक प्राचीन भाषा असावी असे ठरले, आणि मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांपुढे लॅटिन, संस्कृत, फारसी, अरबी अशा भाषा ठेवण्यात आल्या. लॅटिन थोड्यांनीच घेतली. हिंदू विद्यार्थ्यांचा ओढा साहजिकच संस्कृताकडे गेला. जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुख ह्यांनी पटकाविली. ह्याच काळाच्या आरंभी, म्हणजे १८६० नंतरच्या दशकात, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी इंग्रजी शाळांतील मुलांसाठी संस्कृताची पहिली व दुसरी पुस्तके लिहिली. त्यांचे महत्त्व आज लोकांच्या ध्यानात राहिलेले नाही. जी विद्या बारा वर्षे गुरुगृही राहून, तीही ठराविक जातीच्या मुलास मिळावयाची, ती छापील पुस्तकाच्या द्वारे शाळेच्या बाकावर आली. परीक्षेचा मूळ हेतू विद्येचे दार रुंद करण्याचा होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परंतु दार रुंद झाले तरी उंबऱ्यावर उभे राहणारे द्वारपाळ बदलले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असता त्यांस संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ते अस्पृश्य म्हणून त्यांस संस्कृत नाकारण्यात आले व नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत मिळविले आणि ज्या ग्रंथांच्या आधारे त्यांच्या समाजास दूर ठेवले गेले होते तेच ग्रंथ त्यांनी उलगडून जगापुढे मांडले. नाकारणाऱ्यांस संस्कृताचे रक्षण केल्याचे समाधान वाटले असेल. प्रत्यक्षात त्यांनी संस्कृताचीच हानी केली. जी भाषा थोड्यांच्या हाती राहते तिच्याविषयी बाकीच्यांच्या मनात प्रेम उत्पन्न व्हावे कसे?

आमच्या मराठवाड्याची कथा ह्याहून निराळी आहे. मुंबई इलाख्यात मॅट्रिकच्या मुलास संस्कृत की फारसी असा प्रश्न पडत होता, तेव्हा निजामाच्या राज्यात मराठी मुलास स्वभाषेतून शिकण्याचीच चोरी होती. राज्यकारभारातील फारसी १८८० च्या दशकात गेली व तिच्या जागी उर्दू आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले; देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग कल्पना म्हणून धाडसाचा होता, परंतु ती देशी भाषा मराठी, तेलुगू वा कानडी नव्हती. नांदेडच्या मुलाने भूमिती व इतिहास उर्दूतून शिकावा, घरी मराठी बोलावी आणि संस्कृताचे नाव पुराणिकाच्या तोंडून ऐकावे, अशी स्थिती १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होती. त्यानंतर आमच्या शाळा मराठी झाल्या. उर्दू गेली, फारसी त्यापूर्वीच गेली होती, आणि पुणे-मुंबईस शंभर वर्षांत जमलेली संस्कृत शिक्षकांची परंपरा आमच्याकडे तितक्या प्रमाणात कधी रुजलीच नाही. तेव्हा गुणांच्या ह्या शर्यतीत पुण्याच्या मुलास जो घोडा सहज मिळतो तो आमच्या खेड्यातील मुलास पाहावयासही मिळत नाही. ज्या शाळेत शिक्षक नाही तेथे विषयही नाही. हा अन्याय कोणाच्या डोळ्यांत येत नाही, कारण गुणपत्रिकेवर घेतलेल्या विषयाचे गुण असतात. न मिळालेल्या विषयाचा रकाना तिच्यावर नसतो.

हीच गोष्ट इंग्लंडात लॅटिनच्या बाबतीत घडली, आणि ती बोधप्रद आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे प्रवेशास लॅटिन आवश्यक असल्याचा नियम १९६० च्या सुमारास उठला. त्याबरोबर सामान्य सरकारी शाळांतून लॅटिन झपाट्याने हद्दपार झाली; श्रीमंतांच्या खासगी शाळांतून मात्र ती टिकली. २०२१ साली तेथील सरकारनेच प्रसिद्ध केलेला हिशोब असा की, माध्यमिक शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात लॅटिन शिकविणाऱ्या सरकारी शाळा शेकडा ३ हूनही कमी, आणि खासगी शाळा शेकडा ४९. ही तफावत कमी करण्यासाठी ४० लक्ष पौंड खर्चून ४० सरकारी शाळांत लॅटिन शिकविण्याची योजना २०२२ मध्ये सुरू झाली. पुढे सरकार बदलले व फेब्रुवारी २०२५ मध्ये, ऐन शालेय वर्षाच्या मध्यावर, तिचा पैसा थांबला. ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. परीक्षेच्या सक्तीवर जगणारी विद्या सक्ती उठताच गरिबांच्या शाळेतून प्रथम नाहीशी होते. आणि सरकारच्या लहरीवर सुरू झालेली सोय त्याच लहरीने बंद पडते. आम्हांस ह्या दोन्ही चुका टाळावयाच्या आहेत.

आता ह्यावर कोणी असे विचारील की, 'मेलेल्या भाषांची ही चिंता व्यापाऱ्यास व शेतकऱ्यास कशाला?' त्यास आमचे उत्तर असे की, मराठवाड्यात जुन्या भाषा मेलेल्या नाहीत. त्या तहसिलीच्या दप्तरात जिवंत आहेत व आपल्या जमिनीचा आणि जातीचा निकाल देत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमण्यात आली. त्या नोंदींपैकी कित्येक उर्दूत व मोडीत होत्या, आणि त्या वाचणारी माणसे शोधता शोधता अधिकाऱ्यांची तारांबळ उडाली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य झाल्यावर तर जुन्या कागदाचे महत्त्व आणखी वाढले. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. परंतु लक्षावधी माणसांचे हित ज्या कागदावर अवलंबून, तो कागद वाचण्यास जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी माणसे असावीत, ही गोष्ट कोणत्याही पक्षास भूषणावह नाही.

वकिली व्यवसायात असणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव नित्याचा आहे. इनामाचा मुंतखब घेऊन पक्षकार येतो. कागद त्याच्या आजाने जपलेला, शिक्का स्पष्ट, आणि मजकूर पक्षकारास, वकिलास व बहुधा समोरच्या पक्षासही अगम्य. त्यावर फसली सन असतो. त्यात साधारणपणे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो, एवढेही पुष्कळांस ठाऊक नसते. मग कोणी वृद्ध मौलवी वा मोडी जाणणारा कारकून गाठावयाचा, तो सांगेल तो अर्थ खरा मानावयाचा, आणि त्यावर दावा चालवावयाचा. ज्याच्या हाती वाचणे त्याच्या हाती न्याय, अशी ही स्थिती आहे. जुन्या पेढ्यांच्या मोडी वह्यांची गतही हीच. नातवास आजोबांची वही वाचता येत नाही. तो ती दिवाळीस पूजेपुरती बाहेर काढतो.

आमच्याच मुलखातील एका पुरुषाने ह्या विद्येचे मोल दाखवून दिले आहे. सेतुमाधवराव पगडी हे आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे, जन्म १९१०. निजामाच्या राज्यात वाढल्यामुळे उर्दू-फारसी त्यांच्या अंगवळणी पडली होती. ती त्यांनी परक्यांची भाषा म्हणून टाकून दिली नाही. मोगल दरबारची फारसी बातमीपत्रे मराठीत आणून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासास शत्रूच्या दप्तरातील साक्ष मिळवून दिली. संस्कृताच्या बाजूस नांदेडचे नरहर कुरुंदकर पाहावे. ज्यांची विद्वत्ता कोणत्याही गुणपत्रिकेवरून मोजता आली नसती अशा ह्या प्राध्यापकाने नाट्यशास्त्राचा अभ्यास केला आणि मनुस्मृतीचीही परखड चिकित्सा केली. प्राचीन भाषा शिकल्याने माणूस जुन्याचा दास होतो असे ज्यांस वाटते त्यांनी कुरुंदकर वाचावेत. आणि ती शिकणे म्हणजे परधर्मास शरण जाणे असे ज्यांस वाटते त्यांनी पगडी वाचावेत.

संस्कृत की प्राकृत, संस्कृत की फारसी, अशी भांडणे लावणारांस आम्ही एका जुन्या दस्तऐवजाची आठवण देतो. वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती ह्याचा चौथ्या शतकातील ताम्रपट सापडला आहे. त्यात नान्दीकड हे जे नाव येते ते आपले नांदेड, असे संशोधकांनी ओळखले आहे. त्या दानपत्रात राजाची वंशावळ संस्कृतात आहे व दानाचा व्यावहारिक मजकूर प्राकृतात आहे. मोठेपणा सांगावयाचा तो एका भाषेत, आणि ज्यावर हक्क चालावयाचा तो लोकांस समजेल अशा भाषेत! सोळाशे वर्षांपूर्वीच्या लेखकास जो विवेक होता तो आजच्या शिक्षणखात्यास असावा, एवढीच आमची मागणी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वेळी पाली व प्राकृत ह्यांसही तो मिळाला. पेढे वाटून झाले. परंतु ज्या महाराष्ट्री प्राकृतावर त्या दर्जाचा दावा पुष्कळ अंशी उभा होता, ते गोदाकाठच्या किती शाळांत शिकविले जाते? २०२५ साली पहिलीपासून हिंदी असावी की नसावी ह्यावर १६ एप्रिलच्या निर्णयापासून २९ जूनच्या माघारीपर्यंत सारा महाराष्ट्र पेटला होता. त्या उत्साहाचा शतांश तरी ह्या कामी लागावा.

प्रतिपक्षाचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, मुलांस इंग्रजी व गणित धड येत नाही, तेथे हे आणखी ओझे कशाला? ओझे लादा असे आम्ही म्हणतच नाही. विषय ऐच्छिकच असावा. परंतु ऐच्छिक म्हणजे ज्याची इच्छा असेल त्यास मिळणारा. आज तो ज्याच्या गावी शिक्षक आहे त्यास मिळतो. शिवाय धर्माबादच्या मुलाची गोष्ट विशेष आहे. त्याच्या कानावर मराठीबरोबर तेलुगू व दख्खनी उर्दूही पडते. मराठी व तेलुगू ह्या दोन्ही भाषांत संस्कृत शब्दांचा भरणा मोठा, उर्दूत फारसीचा. जो मुलगा तीन भाषा बाजारात फुकट शिकतो त्यास चौथीचे भय घालण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. संस्कृतामुळे गरिबाच्याही मुलाची टक्केवारी वाढत असेल तर परीक्षा कठीण करून त्याच्या तोंडचा घास का काढता? आम्ही विचारतो, तो घास गरिबाच्या पानात पडतो तरी का? जेथे विषय शिकविण्याची सोय, शिकवणीची सोय व घरी अभ्यास घेणारे कोणी, तेथेच हे गुण जातात. सीमेपलीकडे तेलंगणात इंटरमिजिएटला दुसरी भाषा म्हणून गुणांसाठी संस्कृत घेण्याची चाल सर्वश्रुत आहे. तिने तेलुगूच्या वर्गांचे नुकसान झाले, अशी तेथील भाषाभिमान्यांची तक्रार असते, आणि संस्कृताचे पंडित वाढले असे कोणी म्हणत नाही. गुणांची खिरापत वाटून भाषा जगत नाही. तिचा मान मात्र जातो.

तेव्हा करावे काय? आमच्या मते चार गोष्टी अवश्य आहेत. पहिली, संस्कृत व इतर प्राचीन भाषांच्या परीक्षेत अपठित उताऱ्यास आज आहे त्याहून पुष्कळ अधिक वजन द्यावे, आणि कोश पाहून अर्थ लावण्याची परवानगी द्यावी. हा बदल एकदम न करता आठवीत प्रवेश करणाऱ्या मुलांपासून क्रमाने करावा, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही. दुसरी, पाली, अर्धमागधी, फारसी, अरबी हे विषय मंडळाच्या यादीत शोभेपुरते न राहता मुलापर्यंत पोचावेत. प्रत्येक शाळेस शिक्षक देणे शक्य नसेल, तर धर्माबाद, बिलोली, उमरी, नायगाव अशा शेजारच्या गावांतील शाळांनी मिळून एक शिक्षक ठेवावा व त्याने वार लावून फिरावे. पोस्टाचा शिपाई जे रोज करतो ते शिक्षकाने आठवड्यात करण्यास हरकत नाही. तिसरी, मोडी व जुनी उर्दू-फारसी लिपी वाचण्याचे वर्ग जिल्ह्याच्या गावी न थांबविता तालुक्यापर्यंत आणावेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने त्यांस मान्यता द्यावी, आणि प्रत्येक तालुक्यात निदान दोन प्रमाणित वाचक तयार करावेत. आमच्या सुशिक्षित तरुणांस ह्यात उपजीविकेचेही साधन आहे.

चौथी गोष्ट सरकारने नव्हे, व्यापारी बंधूंनी करावयाची आहे. सरकारच्या भरवशावर राहिलेल्या योजनेचे काय होते हे इंग्लंडच्या उदाहरणावरून दिसलेच. मोंढ्यातील अडते व दुकानदार देवळाच्या जीर्णोद्धारास सढळ हाताने देतात. त्यांनी एक खोली, कोश व जुन्या कागदांच्या नकलांचा एक संग्रह ह्यांसाठी थोडी थोडी वर्गणी काढल्यास संध्याकाळचा वर्ग सहज चालेल. त्या वर्गात जात व धर्म विचारू नये. ब्राह्मणाच्या मुलीने फारसी शिकावी, मुसलमानाच्या मुलाने संस्कृत शिकावे, आणि ज्यांच्या आज्यास ह्या विद्या नाकारल्या गेल्या त्यांची मुले पहिल्या बाकावर बसावीत. संस्कृत नाकारले गेल्यामुळे आंबेडकरांसारख्या पुरुषास फारसीकडे वळावे लागले, हा त्या काळचा कलंक होय. आज नकार कोणी तोंडाने देत नाही. शिक्षकाची जागा रिकामी ठेवली की काम भागते. रिकाम्या खुर्चीने दिलेला नकारही नकारच असतो.

धर्माबादेहून बासरचे सरस्वतीचे देऊळ जवळच आहे. दोन्ही प्रांतांतील आईबाप लहानग्यांस तेथे नेऊन देवीसमोर पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. त्या प्रसंगी मुलास गुण किती पडतील असे कोणी देवीस विचारीत नाही. जी श्रद्धा पाचव्या वर्षी असते ती पंधराव्या वर्षी आकड्यांच्या बाजारात हरवू नये, आणि बाजाराच्या काठावर उभ्या असलेल्या मुलास निदान त्या विद्येचे दर्शन तरी घडावे, ह्यासाठी शिक्षणखाते, शाळांचे चालक व आमचे व्यापारी बंधू ह्यांनी येत्या शालेय वर्षापूर्वी एकत्र बसून निर्णय करावा. कागद वाट पाहत आहेत. त्यांस कसर लागण्यापूर्वी वाचणारे तयार झाले पाहिजेत.